खातेवही सर्वांची, खासगीपणा कोणाचा?

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात आठवडाभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील दस्तनोंदणीच्या नियमांविषयी निकाल देताना जमिनीच्या नोंदींसाठी ब्लॉकचेन तंत्रज्ञानाचा विचार व्हावा असे सुचवले आणि त्याचा अभ्यास करण्याचे काम विधी आयोगाकडे सोपवले. पाठोपाठ १४ नोव्हेंबरला केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम प्रसिद्ध केले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झालेला हा कायदा त्यामुळे टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला असून, त्याची बहुतेक महत्त्वाची कलमे १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायची आहेत. पहिल्या घटनेमागे कधीही न पुसल्या जाणाऱ्या नोंदीची आस आहे. दुसरीने नागरिकाला आपली नोंद पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. दोन्ही बातम्यांचे स्वागत झाले. मात्र त्या एकमेकींच्या आड येतात, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ब्लॉकचेन म्हणजे एकाच खातेवहीच्या असंख्य प्रती. त्या जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी लिहिल्या जातात आणि मागचे पान बदलले तर पुढची सारी पाने खोटी ठरतात. तलाठ्याच्या दप्तरातील कागद गहाळ होतो, त्यावर खाडाखोड होते, पान फाटते. या वहीत तसे काही होत नाही. म्हणूनच फेरफारांच्या भानगडींना विटलेल्या आपल्या देशात या तंत्राचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गुणामुळे ही वही विश्वासार्ह ठरते, त्याच गुणामुळे ती निष्ठुरही होते. ती कोणालाही वाचता येते आणि ती काहीही विसरत नाही.

तिथे नाव कुठे असते, नुसते आकड्या-अक्षरांचे पत्ते तर असतात, असा बचाव बिटकॉइनच्या पहिल्या काही वर्षांत केला जात असे. तो फार काळ टिकला नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी एका साध्या निरीक्षणावरून बिटकॉइनचे हजारो पत्ते मूठभर मालकांच्या नावे लावून दाखवले. एकाच व्यवहारात दोन पत्त्यांवरून पैसे गेले असतील तर ते दोन्ही पत्ते एकाच्याच ताब्यात असणार, एवढेच ते निरीक्षण. गंमत अशी की बिटकॉइनच्या टोपणनावी जनकाने आपल्या २००८ च्या मूळ निबंधातच हा धोका नोंदवून ठेवला होता. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या बाजारातून १ लाख १९ हजारांहून अधिक बिटकॉइन चोरीला गेले. पुढची साडेपाच वर्षे चोरांनी पैसे नाना वाटांनी फिरवले, तरी २०२२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमधील एक दांपत्य पकडले गेले आणि सुमारे ३.६ अब्ज डॉलरचा ऐवज जप्त झाला. चोर सापडला याचा आनंद मानावा हे खरेच. पण जी वही चोराला लपू देत नाही, ती आपल्या घरभाड्याचा, औषधांचा आणि देणग्यांचा हिशेबही तशीच उघडी ठेवते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

यावर सरकारी कार्यालयांपासून नवउद्योजकांपर्यंत सर्वांच्या ओठी एक उत्तर तयार असते : आम्ही माहिती वहीत ठेवतच नाही, फक्त तिचा ‘हॅश’ ठेवतो. हॅश म्हणजे माहितीचा अंकठसा. ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही, मात्र मजकूर हाती असेल तर तो या ठशाचाच आहे की नाही हे पडताळता येते. विधान बरोबर आहे, पण अर्धेच. ठसा उलटवता येत नाही. पण मूळ मजकुराचे पर्याय मोजके असतील तर ते सगळे एकामागून एक करून पाहता येतात. आधार क्रमांक बारा आकडी असतो. त्याचा पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा आकडा पडताळणीसाठी आधीच्या अकरांवरून ठरतो. म्हणजे एकूण शक्यता उरतात ८० अब्ज. ऐकायला आकडा अफाट वाटतो. पण खेळांसाठी दुकानात मिळणारे एक चांगले ग्राफिक कार्ड सेकंदाला काही अब्ज ठसे काढते. अर्ध्या मिनिटाचा हा खेळ आहे. मोबाइल क्रमांकाला तर तेवढाही वेळ लागत नाही.

हा मुद्दा आपल्या दारातला आहे. २०२२ च्या मार्च महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनच्या आधारे देण्याचा उपक्रम जाहीर झाला. हेतू चांगला होता. बनावट दाखल्यांनी खऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या जागा लाटल्या जातात, हे दुखणे जुने आहे, आणि दाखला खरा की खोटा हे कोणत्याही महाविद्यालयाला क्षणात कळावे, यात गैर काहीच नाही. परंतु जात ही आपल्या समाजात माणसाला चिकटवली जाणारी सर्वांत नाजूक माहिती. दाखल्याच्या संपूर्ण प्रतीचा ठसा घेतला तर त्यात अंदाज न बांधता येणारे पुष्कळ काही मिसळलेले असते आणि धोका कमी राहतो. मात्र नुसते नाव, जन्मतारीख आणि जात यांचा ठसा घेऊन तो उघड्या वहीत ठेवला, तर मतदारयादी हाती असलेला कोणताही उपद्रवी माणूस त्या तालुक्यातील प्रत्येक नावासमोर संभाव्य जाती लावून पाहू शकेल. फरक केवढा, तर ठसा कशाचा घेतला एवढाच. आणि तो निर्णय बहुतेकदा मंत्रालयात होत नाही. संगणकाची आज्ञावली लिहिणारा एखादा तरुण तो घेऊन मोकळा होतो.

यावरचा प्राथमिक इलाज गणितज्ञांनी फार पूर्वी सांगून ठेवला आहे. ठसा घेण्यापूर्वी मजकुरात एक मोठी, कोणालाही अंदाज न येणारी यादृच्छिक संख्या मिसळायची. तिला या शास्त्रात चक्क ‘मीठ’ म्हणतात! हे मीठ ज्याच्याकडे, त्यालाच ठसा पडताळता येतो. मीठ नष्ट केले की वहीतला ठसा उरतो खरा, पण तो अर्थहीन आकडा होतो. न पुसता येणाऱ्या वहीत पुसण्याच्या सर्वांत जवळ जाणारी ही एकमेव युक्ती आहे. ती कायद्याला पुरेशी आहे का, हा प्रश्न वेगळा. युरोपात मे २०१८ पासून पुसून मागण्याचा हक्क अमलात आहे आणि तेथील माहिती संरक्षण मंडळाने २०२५ च्या एप्रिलमध्ये ब्लॉकचेनविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे मांडली, त्यांचा एकूण सूर, शक्य तोवर वैयक्तिक माहिती वहीत नेऊच नका, असा आहे. तांत्रिक अडचण ही कायदा न पाळण्याची सबब होऊ शकत नाही, असेही त्यांनी बजावले आहे. आपल्या कायद्यात पुसण्याचा हक्क आहे, तसाच अन्य कायद्यानुसार नोंद ठेवणे आवश्यक असल्यास ती ठेवण्याची मुभाही आहे. शिवाय शासकीय यंत्रणांना सूट देण्याची सोय कलम १७ मध्ये करून ठेवलेली आहेच. तेव्हा शासनाच्या वह्यांबाबत नागरिकाची भिस्त कायद्यापेक्षा वही कशी रचली आहे यावरच अधिक राहणार.

ठसा आणि मीठ ही झाली बाराखडी. खरी क्रांती आहे ती ‘शून्य-ज्ञान सिद्धते’ची. १९८५ मध्ये शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ या तिघांनी एक विचित्र वाटणारा प्रश्न मांडला : एखादे विधान खरे आहे याची समोरच्याची पक्की खात्री पटवायची, पण ते का खरे आहे याचे अवाक्षरही कळू द्यायचे नाही, हे शक्य आहे का? उत्तर होकारार्थी निघाले. कल्पना करा, तुमचा एक मित्र रंगांध आहे. तुमच्या हाती एक लाल आणि एक हिरवी बांगडी आहे. त्याला दोन्ही सारख्याच दिसतात आणि त्या वेगळ्या आहेत यावर त्याचा विश्वास नाही. त्याने दोन्ही बांगड्या पाठीमागे न्याव्यात, हवे तर अदलाबदल करावी, नको तर करू नये, आणि पुन्हा समोर धराव्यात. तुम्ही फक्त ‘बदलल्या’ किंवा ‘नाही बदलल्या’ एवढेच सांगायचे. नुसत्या अंदाजाने एकदा बरोबर येण्याची शक्यता निम्मी. सलग वीस वेळा बरोबर येण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी. मित्राची खात्री पटते. पण लाल कोणती आणि हिरवी कोणती, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

हा खेळ पुढच्या तीस वर्षांत इतका घोटीव झाला की आता वीस फेऱ्यांची, किंबहुना समोरासमोर बसण्याचीही गरज उरलेली नाही. हजारो पायऱ्यांचे गणित अचूक केले आहे याची सिद्धता दोनशे बाइटपेक्षाही कमी जागेत मावते आणि काही सहस्रांश सेकंदांत तपासून होते. या लेखाचा एक परिच्छेद त्याहून कितीतरी जास्त जागा घेतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या झीकॅश या चलनाने ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर पैशाच्या व्यवहारात आणली. कोणी, कोणाला, किती दिले, हे तिन्ही झाकलेले. तरीही देणाऱ्याकडे तेवढे पैसे होते आणि ते त्याने दोनदा खर्चलेले नाहीत, याची सिद्धता मात्र सर्वांसमोर.

रक्कम झाकूनही हिशेब कसा जुळवायचा, हे कोडे सोडवण्याची रीत मोठी सुरेख आहे. टॉर्बेन पेडरसन या डॅनिश गणितज्ञाने १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक रक्कम जणू एका बंद लखोट्यात घालतात. लखोटे न उघडताच त्यांची बेरीज करता येते आणि आलेल्या लखोट्यांची बेरीज गेलेल्या लखोट्यांच्या बेरजेइतकी आहे, हे कोणालाही तपासता येते. वाटते की काम झाले. पण इथे एक चोरवाट आहे. दहा रुपये असलेला भामटा एका लखोट्यात हजार रुपये घालील आणि दुसऱ्यात उणे नऊशे नव्वद! बेरीज चोख दहा, आणि हजाराची नवी कोरी माया हाती. म्हणून प्रत्येक लखोट्यातील रक्कम शून्याहून कमी नाही, हे ती रक्कम न सांगता सिद्ध करावे लागते. या सिद्धता पूर्वी इतक्या बोजड असत की व्यवहार परवडत नसे. स्टॅनफर्ड आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१७ च्या अखेरीस ‘बुलेटप्रूफ’ नावाची आटोपशीर पद्धत मांडली. मोनेरो या चलनाने ती पुढच्याच वर्षी स्वीकारली आणि त्याच्या व्यवहारांचा आकार सुमारे ८० टक्क्यांनी घटला.

मोनेरोची दुसरी युक्ती म्हणजे वर्तुळ-सही. एखाद्या निवेदनावर सोळा जणांपैकी कोणीतरी एकाने सही केली आहे हे निश्चित, पण कोणी ते सांगता येऊ नये, अशी ही सही. २००१ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि टाउमन यांनी ती मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गुपित फोडणारा अधिकारी होता. वर्तुळ जेवढे मोठे तेवढी आड भक्कम, हे उघडच आहे. सुरुवातीच्या काळात मोनेरोच्या अनेक वापरकर्त्यांनी वर्तुळात स्वतःखेरीज कोणालाच घेतले नव्हते. त्यामुळे त्यांच्या व्यवहारांचा माग तर लागलाच, पण इतरांच्या वर्तुळातील ती नावेही बाद होऊन त्यांचेही मुखवटे गळाले. खासगीपणा ही एकट्याने बाळगण्याची वस्तू नसते, शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत आपल्यालाही मोजावी लागते, याचे इतके स्वच्छ गणिती उदाहरण क्वचितच सापडेल.

गणित अचूक असले तरी ते माणसेच लिहितात, हेही विसरून चालणार नाही. झीकॅशच्या मूळ रचनेसाठी आरंभी काही गुप्त संख्या निर्माण करून नंतर त्या नष्ट कराव्या लागत. त्या कोणाच्या हाती पडल्या असत्या तर त्याला बनावट नाणी पाडता आली असती. म्हणून २०१६ मध्ये सहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी हे काम वाटून केले; सहांपैकी एक जरी प्रामाणिक राहिला तरी रचना सुरक्षित, असे ते गणित. एकाने तर धावत्या मोटारीत गणन करून नंतर संगणकाचे भाग जाळून टाकले. टोपणनावाने सामील झालेला एक गृहस्थ एडवर्ड स्नोडेन होता, हे २०२२ मध्ये उघड झाले. एवढा खटाटोप करूनही २०१८ च्या मार्चमध्ये झीकॅशच्याच एका गणितज्ञाला मूळ रचनेत चूक सापडली. तिचा फायदा घेऊन अमर्याद बनावट चलन निर्माण करता आले असते. ऑक्टोबरमध्ये ती गुपचूप दुरुस्त झाली आणि पुढील फेब्रुवारीत जाहीर करण्यात आली. कोणी गैरफायदा घेतल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र सारे व्यवहारच झाकलेले असल्याने शंभर टक्के खात्री देणे कठीणच होते. २०२२ च्या मे महिन्यात झीकॅशने अशी पूर्वतयारी न लागणारी पद्धत अंगीकारली, हे योग्यच झाले.

राज्यसंस्थेला या साऱ्याची धास्ती वाटते आणि ती निराधार नाही. टोर्नाडो कॅश ही इथेरियमवरील व्यवस्था याचा धडा आहे. तिची रीत अशी : प्रत्येकाने ठरावीक रक्कम, समजा एक इथर, सामाईक पेटीत टाकायची आणि सोबत आपल्या गुपिताचा ठसा ठेवायचा. पुढे कधीतरी, नव्या पत्त्यावरून, ‘पेटीतल्या हजारो ठशांपैकी एकाचे गुपित मला ठाऊक आहे’ एवढे शून्य-ज्ञान पद्धतीने सिद्ध करून रक्कम काढायची. दोनदा काढता येऊ नये म्हणून प्रत्येक गुपिताला एकच रद्द-क्रमांक असतो आणि तो जाहीर होतो. युक्रेनला देणगी देताना घेणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून आपण हे साधन वापरल्याचे इथेरियमचे जनक विटालिक ब्यूटेरिन यांनी सांगितले होते. आणि उत्तर कोरियाच्या चोरांनी लुटीचे कोट्यवधी डॉलर धुण्यासाठीही हेच साधन वापरले. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी कोषागाराने त्यावर निर्बंध घातले. त्यानंतरचा गोंधळ उद्बोधक आहे. २०२४ च्या मे महिन्यात नेदरलँड्समधील न्यायालयाने एका रचनाकाराला ६४ महिन्यांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने, कोणाच्याच ताब्यात नसलेली आज्ञावली ही ‘मालमत्ता’ नव्हे, म्हणून निर्बंध बेकायदा, असे म्हटले. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या रचनाकाराला न्यूयॉर्कच्या ज्यूरीने विनापरवाना पैसे हस्तांतराच्या कटाबद्दल दोषी ठरवले. तीन वर्षांत कायद्याला ठरवता आले नाही की गुन्हेगार पेटी आहे, पेटी बनवणारा आहे की पेटीत पैसे टाकणारा. युरोपीय संघाने आपल्यापुरता मार्ग निवडला आहे : जुलै २०२७ पासून तेथील परवानाधारक बाजारांना अनामिक खाती आणि खासगीपणा जपणारी चलने हाताळता येणार नाहीत.

बंदी हा एकच मार्ग आहे असे मात्र नाही आणि इथेच गणित राज्यकर्त्यांच्या पुढे आहे. २०२३ मध्ये ब्यूटेरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले की पैसे काढणाऱ्याने आणखी एक विधान सिद्ध करावे : माझी ठेव या सर्वमान्य स्वच्छ ठेवींच्या यादीतील आहे. कोणती ते सांगायचे नाही. पण चोरीच्या ठेवींपैकी नाही, हे सिद्ध. सामान्य माणूस झाकलेला राहतो, चोर एकटा पडतो. अर्थात स्वच्छतेची यादी कोण करणार, हा प्रश्न गणिताचा नव्हे, राजकारणाचा आहे, आणि सत्तेच्या हाती अशी यादी देणे म्हणजे काय हे भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपयाच्या २०२२ च्या संकल्पना-टिपणात छोट्या व्यवहारांना वाजवी अनामिकता देण्याची भाषा केली होती. ती अनामिकता बँकेच्या शब्दावर टेकलेली असेल की सिद्धतेवर, यावर तिचे मोल ठरेल. अधिकारी बदलला की शब्द बदलतो.

एक धोका भविष्यातून येतो. संकेतलिपीत माहिती गुंडाळून ती सार्वजनिक वहीत ठेवण्याचा सल्ला काही सल्लागार देतात. आजची अनेक कुलुपे पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकापुढे टिकणार नाहीत. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये नवी मानके प्रसिद्ध केली ती याचसाठी. खासगी सर्व्हरवरील कुलूप बदलता येते. लाखो प्रतींत पसरलेल्या वहीतील जुने पान आज उतरवून घेऊन वीस वर्षांनी उघडणाऱ्याला कोण अडवणार? पेडरसनच्या लखोट्यांचे वैशिष्ट्य असे की क्वांटम संगणकाने ते फसवता येतील, पण त्यांतील रक्कम वाचता येणार नाही, कारण कोणतीही रक्कम त्यात तितकीच संभवते. दीर्घकाळ टिकणाऱ्या सरकारी नोंदींसाठी हा फरक निर्णायक मानला पाहिजे.

आता पुन्हा एटापल्लीच्या विद्यार्थ्याकडे वळू. वसतिगृहात किंवा महाविद्यालयात प्रवेश घेताना संस्थेला कळायला हवे ते इतकेच, की सक्षम अधिकाऱ्याने दिलेला वैध दाखला त्याच्याकडे आहे आणि तो अमुक प्रवर्गात मोडतो. त्याची नेमकी जमात, वडिलांचे नाव, गाव यांची त्या टेबलावर गरज नसते; तरीही झेरॉक्सच्या गठ्ठ्यांतून ती आज दहा ठिकाणी पोहोचते. बोने, बॉयेन आणि शॅकम यांनी २००४ मध्ये मांडलेल्या सहीच्या पद्धतीतून पुढे अशी सोय विकसित झाली की दाखल्यातील हवे तेवढेच कलम उघड करून बाकीचे झाकून ठेवता यावे आणि तरीही तहसीलदाराची सही खरी असल्याचे सिद्ध व्हावे. युरोपीय संघाच्या सदस्य देशांना २०२६ अखेरपर्यंत नागरिकांना जे डिजिटल ओळख-पाकीट द्यायचे आहे, त्याच्या कायद्यात निवडक माहितीच उघड करण्याची तरतूद आहे. आपल्याकडे यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहायला नको. आज्ञावल्या खुल्या आहेत, गणित छापील आहे.

जमिनीच्या नोंदींची गोष्ट थोडी निराळी. सातबारा ही मुळातच सार्वजनिक नोंद आहे आणि ‘महाभूलेख’वर ती कोणालाही पाहता येते. पण गट क्रमांक टाकून एक उतारा पाहणे वेगळे आणि एकाच माणसाच्या राज्यभरातील साऱ्या जमिनी, त्यांवरील बोजे आणि वारसांची भांडणे एका झटक्यात एकत्र ओढून काढणे वेगळे. विधी आयोगाच्या अभ्यासात हे अंतर धरले जावे. वहीत काय जाईल आणि तालुक्याच्या सर्व्हरवर काय राहील, ठशात मिसळलेले मीठ कोणाच्या ताब्यात असेल, वारसाने किंवा न्यायालयाने सांगितल्यास ते नष्ट करण्याचा अधिकार कोणाला आणि किती दिवसांत, हे प्रश्न निविदा निघण्यापूर्वी लेखी सोडवले गेले पाहिजेत. एकदा का वहीचे पहिले पान लिहिले गेले, की ते दुरुस्त करण्याची सोय या तंत्रात नाही.